टर्बोचा ताप

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ११ किंवा १५ मधल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात डोकावा. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो, आत रिटर्नं भरायची घाई असते, आणि टेबलाटेबलावरच्या लॅपटॉपचे पंखे अंगात आल्यासारखे मधूनच उसळतात आणि पुन्हा बसतात. गेम कुणी खेळत नसतं, सिनेमाही कुणी एडिट करत नसतं. एक एक्सेल, पाच-सहा टॅब, सरकारी पोर्टलचं एखादं पान आणि व्हॉट्सॲप वेब, एवढाच पसारा. एवढ्याशा कामाला मशिनला एवढी धाप का लागते, असं कुणी विचारलं तर ‘जुना झालाय, बदला आता’ हे उत्तर तयार असतं. पण नवाकोरा लॅपटॉपही तेच करतो, बऱ्याचदा जुन्याहून जोरात. कारण तो म्हातारा झालेला नसतो; त्याला तसंच धावायला शिकवलेलं असतं. त्या धावण्याला इंटेल टर्बो बूस्ट म्हणते, एएमडी प्रिसिजन बूस्ट म्हणते. या धावण्याला लगाम घालावा का, घालायचा तर कसा आणि किती, हा गेली काही वर्षं जगभर चघळला जाणारा प्रश्न आहे. त्यावरची उत्तरं मात्र बहुतेक वेळा ‘अमुक सेटिंग ९९ करा’ या एका ओळीत उरकली जातात. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे, आणि थोडं रंजकही.

बूस्ट मुळात आला कशासाठी? २००४-०५ पर्यंत प्रोसेसरचा वेग दर दोन वर्षांनी वाढत होता, कारण ट्रान्झिस्टर लहान होत तसं त्याला लागणारं व्होल्टेजही उतरत होतं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेलं हे गणित २००५ च्या सुमाराला अडखळलं. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण व्होल्टेज उतरेना आणि उष्णता आवरेना. इंटेलने २००४ मध्ये आपला पुढचा ‘तेजस’ प्रोसेसर याच पेचात गुंडाळून ठेवला आणि एका वेगवान कोअरऐवजी अनेक कोअर देण्याची वाट धरली. मग नवी अडचण आली. चार कोअर एकदम राबतील या हिशेबाने वेग ठरवला, तर एकच कोअर राबत असताना उरलेल्या तिघांच्या वाट्याची वीज आणि उष्णतेची मुभा वाया जाते. ती मुभा राबणाऱ्याला देऊन टाका, ही टर्बो बूस्टची मूळ कल्पना. २००८ च्या नोव्हेंबरात इंटेलच्या कोअर आय-७ बरोबर ती बाजारात आली. एएमडीने २०१० मध्ये टर्बो कोअर आणला.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. २०११ मध्ये इंटेलच्या टर्बोची दुसरी आवृत्ती आली आणि तिने एक पाऊल पुढे टाकलं: हीटसिंक अजून थंड आहे ना, मग तो तापेपर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षाही जास्त वीज घ्यायला काय हरकत? तेव्हापासून इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांना दोन मर्यादा असतात. एक बैठी, कायम पेलता येईल अशी; दुसरी उडी मारण्यापुरती, काही सेकंदांची. बऱ्याच लॅपटॉपांत हा उडीचा काळ २८ सेकंदांच्या आसपास ठेवलेला असतो. सुरुवातीला या दोन मर्यादांत फार अंतर नव्हतं. आज काय आहे ते पाहा. ऑफिसांत सर्रास दिसणाऱ्या कोअर आय-५ १२३५यू या प्रोसेसरची बैठी मर्यादा १५ वॉट आणि टर्बोतली कमाल मर्यादा ५५ वॉट आहे. मूळ वेग १.३ गिगाहर्ट्झ, उडी ४.४ पर्यंत. दुकानातल्या स्टिकरवर अर्थातच ४.४ झळकतो. १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेल्या, बोटभर जाडीच्या डब्याला अधूनमधून ५५ वॉटचा दणका सोसावा लागतो. किती मुभा द्यायची ते शेवटी लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते आणि बहुतेक कंपन्या हात सैल सोडतात, कारण बेंचमार्कचे आकडे पहिल्या काही सेकंदांतच ठरतात.

जाता जाता एक तुलना सांगतो. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्या पेंटियममुळे जगभर ओळखले गेले, तो १९९३ चा पहिला पेंटियम ६० ते ६६ मेगाहर्ट्झने चाले आणि १५ वॉटच्या घरात वीज खाई. तेव्हा तो फार तापट म्हणून बदनाम झाला होता. आज १५ वॉट हा सोशिक, सडपातळ लॅपटॉपचा आकडा मानला जातो.

आता उष्णतेचं गणित. ते एकदा समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप जागेवर बसतात. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे वरच्या टप्प्यात प्रत्येक जादा पावलाची किंमत चढत्या भाजणीने मोजावी लागते. उदाहरणादाखल समजा, एखादा कोअर ३.४ गिगाहर्ट्झला १.१ व्होल्ट मागतो आणि २.४ ला ०.८५ व्होल्टवर भागवतो. वेग उतरला सत्तर टक्क्यांवर. वीज मात्र उतरते जेमतेम बेचाळीस टक्क्यांवर. शेवटचे तीस टक्के वेग मिळवायला अर्ध्याहून अधिक उष्णता खर्ची पडते. ही उष्णता सगळ्या डब्यात सारखी पसरलेली नसते, नखाएवढ्या तुकड्यात कोंडलेली असते. म्हणून तपमान चढायला सेकंदही लागत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमधला स्पीडचा आकडा आणि एचडब्ल्यू-इन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनातलं तपमान शेजारी शेजारी उघडून ठेवा आणि एखादी जाडजूड निविदेची पीडीएफ उघडा. बसल्या जागी एक-सव्वा गिगाहर्ट्झवर रेंगाळणारा आकडा क्लिकसरशी चारच्या पुढे जातो. तपमान पन्नाशीतून ऐंशी-नव्वदीत उडी घेतं. पान उघडतं, आकडा खाली येतो, तपमानही उतरू लागतं. आणि आता, काम संपल्यावर, पंखा सुरू होतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. चिप क्षणात तापते, तांब्याची नळी आणि पात्या सावकाश तापतात, आणि पंख्याचा नियंत्रक या दोघांच्या मध्ये कुठेतरी गोंधळलेला असतो. दोन मिनिटांनी तुम्ही दुसरं पान उघडता, पुन्हा तोच खेळ. माझ्या मते लॅपटॉपच्या आवाजाने येणारा वैताग त्याच्या मोठेपणापेक्षा या चढउताराचा असतो. एका सुरात घरघरणारा छतावरचा पंखा रात्रभर चालतो आणि आपण झोपतो. दर मिनिटाला सूर बदलणारा पंखा आपण पाच मिनिटंही सोसत नाही.

पंख्याचंही एक शास्त्र आहे आणि ते आपल्या बाजूचं आहे. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर हवा निम्मी होते, पण आवाज जवळपास १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलने उतरलेला आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो. याचा अर्थ उष्णता थोडीच कमी केली तरी शांतता भरपूर मिळते.

या सगळ्याला बेलापूरची हवा वेगळंच वळण देते. लॅपटॉपचे परीक्षण-अहवाल लिहिले जातात ते वीस-बावीस अंशांच्या खोल्यांत. आपल्याकडे मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, दुपारी ३५ अंश ही काही विशेष गोष्ट नाही. चिपला ९५ अंशांवर थांबायचं असेल तर २० अंशांच्या खोलीत तिच्या आणि हवेच्या तपमानात ७५ अंशांचा फरक मिळतो, आपल्या खोलीत ६० चा. उष्णता बाहेर जाते ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे पंखा तितकाच फिरला तर आपला लॅपटॉप पाचव्या हिश्श्याने कमी उष्णता बाहेर टाकू शकतो. ती तूट भरून काढायला पंख्याला पाचव्या हिश्श्यापेक्षा बरंच जास्त पळावं लागतं, कारण हवा वाढवली त्या प्रमाणात थंडावा वाढत नाही. थंड देशात ‘अधूनमधून ऐकू येतो’ असा शेरा मिळवलेला लॅपटॉप इकडे दिवसभर का किणकिणतो, त्याचं कोडं इथे सुटतं.

दमटपणाला मात्र उगाच दोष दिला जातो. खाडीकाठच्या दमट हवेत आपला जीव कासावीस होतो, कारण आपला थंडावा घाम वाळण्यावर अवलंबून असतो. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याला हवेचं तपमान तेवढं कळतं. दमटपणाचा उपद्रव होतो तो आडवाटेने. न संपणारी बांधकामं, सायन-पनवेल महामार्गाची वाहतूक यांची बारीक धूळ पात्यांत जाते आणि ओलाव्याने तिथे पापुद्र्यासारखी बसते. फुंकर मारून ती निघत नाही.

बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे. कोरिया १९७० ते ७५ या काळात सिडकोचे, म्हणजे या नव्या शहराचे, मुख्य वास्तुरचनाकार होते आणि इमारतीचा आकार हवामानातून निघावा हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. म्हणून तिथली घरं बैठी, सुटी सुटी आणि सामायिक अंगणाभोवती जमलेली आहेत. आपल्या हातातली यंत्रं याच्या नेमकी उलट. कुठल्याही हवामानाचा विचार न करता एकच सेटिंग जगभर पाठवलं जातं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातला लॅपटॉप नॉर्वेतल्या लॅपटॉपच्या नियमाने धावतो. बूस्टला लगाम घालणं म्हणजे कंपनीने न केलेलं हे जुळवून घेणं आपण करणं, असं मी समजतो.

आता वाटा. सर्वांत प्रसिद्ध वाट विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमधली. पॉवर ऑप्शन्स, त्यातलं अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथे ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करायचं. विंडोजच्या लेखी १०० टक्के म्हणजे मूळ वेग आणि त्यापुढचं सगळं बूस्ट, त्यामुळे एक टक्का कमी केला की बूस्टचं दार बंद. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, मागे फिरणं सोपं. पाच मिनिटांत पंखा गप्प होतो आणि माणूस ही युक्ती दहा जणांना सांगत सुटतो. माझी हरकत एवढीच की ही कुऱ्हाड आहे, आणि कुऱ्हाडीचा घाव कुठे पडेल ते तुमच्या प्रोसेसरच्या मूळ वेगावर अवलंबून असतं. गेमिंग लॅपटॉपमधल्या रायझन ९ ४९००एचएसचा मूळ वेग ३ गिगाहर्ट्झ आहे. त्याचा बूस्ट काढला तरी रोजच्या कामात फरक कळणार नाही. २०१७ च्या कोअर आय-५ ८२५०यूचा मूळ वेग १.६ आहे, तिथे थोडा जडपणा जाणवेल. वर आलेल्या १२३५यूचा तर १.३. नेमका कुठे थांबेल हे मॉडेलप्रमाणे बदलतं, पण असं मशिन बूस्टशिवाय पोर्टलच्या पानापुढे ताटकळत बसलं तर नवल नाही.

यात एक फसगत आणखी आहे. ८२५०यूसारखा प्रोसेसर आपल्या १५ वॉटच्या बैठ्या मर्यादेत राहूनही, सगळे कोअर राबत असताना, २ गिगाहर्ट्झच्या वरचा वेग टिकवून धरू शकतो. तोही तांत्रिक अर्थाने बूस्टच. म्हणजे बूस्ट सरसकट बंद केला की महागडी, तापट उडी जाते तशी ही जवळजवळ फुकटची, थंड डोक्याची चालही जाते. शेवटची पायरी काढायला जाऊन अर्धा जिना पाडल्यासारखं ते होतं.

म्हणून बंद करण्यापेक्षा टोपी घालणं बरं. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत ‘मॅक्सिमम प्रोसेसर फ्रीक्वेन्सी’ नावाचं सेटिंग आहे. ते बहुतेक मशिनवर लपवलेलं असतं आणि पॉवर-सीएफजी या आज्ञेने उघडं करावं लागतं. त्यात मेगाहर्ट्झमध्ये आकडा लिहायचा; शून्य म्हणजे मर्यादा नाही. ४.४ पर्यंत उडणाऱ्या प्रोसेसरला २८०० किंवा ३००० लिहिलं की गणितात दाखवलेला महागडा टप्पा कापला जातो आणि स्वस्त टप्पा हाताशी राहतो. नव्या मिश्र रचनेच्या प्रोसेसरांत मोठ्या आणि छोट्या कोअरसाठी हे सेटिंग वेगवेगळं दिसतं. एकच बदलून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथेच शेजारी ‘प्रोसेसर परफॉर्मन्स बूस्ट मोड’ हेही दडलेलं असतं. त्यात डिसेबल्ड, एनेबल्ड, अ‍ॅग्रेसिव्ह, एफिशियंट असे पर्याय असतात. डिसेबल्डचा परिणाम स्पष्ट असतो, मधल्या पर्यायांतला फरक अनेक मशिनवर कळतही नाही.

यापेक्षा नाजूक हत्यार म्हणजे कल. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरांनी वेग ठरवण्याचं काम विंडोजकडून बरंचसं स्वतःकडे घेतलं. विंडोज फक्त आपली पसंती कळवते: शून्य म्हणजे वेगच हवा, १०० म्हणजे बचतच हवी. प्रोसेसर त्यानुसार किती उतावीळ व्हायचं ते ठरवतो. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘पॉवर मोड’ म्हणून जे तीन पर्याय दिसतात, त्यांच्या मागे मुख्यतः हाच कल असतो. ‘बेस्ट पॉवर एफिशिअन्सी’ निवडलं की उडी पूर्ण बंद होत नाही, पण क्षुल्लक कारणासाठी ती मारली जात नाही. थोडा वेळ सलग काम आलं तर प्रोसेसर चढतो. कुणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देतो: आधी हे करा, आठवडाभर वापरा, आणि तरीही पंखा छळत असेल तरच पुढच्या वाटेला जा.

लॅपटॉप कंपन्यांची स्वतःची बटणं हीही एक वाट, आणि ती उगाच दुर्लक्षित राहते. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत एफएन आणि क्यू एकत्र दाबलं की मोड बदलतो, आसुसच्या अनेक मशिनांत एफएन आणि एफने. डेलच्या सॉफ्टवेअरमध्ये कूल आणि क्वाएट असे पर्याय वेगळे आहेत. या वाटेचं वैशिष्ट्य असं की इथे प्रोसेसरची वॉटची मर्यादा आणि पंख्याची चाल दोन्ही एकदम बदलतात. विंडोजचं सेटिंग सहसा पंख्याला थेट हात लावत नाही. डेलचे ते दोन पर्याय मात्र एक समजू नका. कूलमध्ये पृष्ठभाग गार ठेवायला पंखा जास्त पळू शकतो. क्वाएटमध्ये पंखा आवरला जातो आणि डबा थोडा ऊबदार राहू शकतो. थंड आणि शांत या दोन मागण्या नेहमीच एकत्र नांदत नाहीत. दोन्ही हव्या असतील तर उष्णता मुळातच कमी निर्माण करावी लागते, म्हणजे फिरून बूस्टकडेच यावं लागतं.

लिनक्सवाल्यांचं काम सोपं. इंटेलच्या मशिनवर कर्नलच्या एका फाइलमध्ये ‘नो टर्बो’ समोर १ लिहिला की झालं. टीएलपी नावाचं साधन बॅटरीवर असताना बूस्ट बंद आणि चार्जरवर चालू असं आपोआप करू शकतं. मॅकमध्ये २०२१ च्या माँटेरे आवृत्तीपासून लो पॉवर मोड आला. इंटेलच्या जुन्या मॅकबुकांना त्याचा चांगला उपयोग होतो. २०२० च्या एम-१ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी नाही.

अंडरव्होल्टिंग, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवणं, ही एके काळची सगळ्यांत गोड युक्ती होती. थ्रॉटलस्टॉप या साधनाने ती घरबसल्या करता येई आणि वेग न गमावता उष्णता उतरे. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज उतरवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात, असं संशोधकांनी दाखवून दिलं. इंटेलने दुरुस्ती काढली, कंपन्यांनी बायोसमध्ये कुलूप घातलं, आणि बहुसंख्य लॅपटॉपांवर ही वाट बंद झाली. जिथे उघडी आहे तिथेही हिशेबाच्या मशिनवर मी ती वापरणार नाही. व्होल्टेज जरा जास्त उतरलं तर मशिन ऐन वेळी निळा पडदा दाखवून मोकळं होतं.

बूस्टच्या बाजूनेही बोलणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. काम झटकन उरका आणि लवकर झोपा, असा त्यांचा युक्तिवाद. प्रोसेसर जागा असताना मेमरी, नियंत्रक, वायफाय हेही जागे असतात. काम लांबवलं तर त्यांची वीज जळत राहते. हे खरं आहे, पण एका हद्दीपर्यंत. अगदी सावकाश चालणं उधळपट्टीचं, अगदी जोरात पळणंही उधळपट्टीचं, आणि काटकसरीचा वेग मध्ये कुठेतरी असतो. बूस्टचं टोक त्या मध्यापासून फार दूर गेलेलं आहे, म्हणून टोपी घालणाऱ्याचं नुकसान होत नाही. दुसरा मुद्दा माणसाच्या वाट बघण्याचा. क्लिक केल्यावर पान चटकन उघडावं ही साधी अपेक्षा आहे आणि बूस्ट ती पुरी करतो. पण बूस्टला माणूस वाट बघतोय की नाही हे कळत नाही. अँटिव्हायरसची तपासणी, फायलींची सूची बनवणं, कोपऱ्यातल्या टॅबमधली सरकती जाहिरात, यांच्यापैकी कुणीही हाक मारली तरी तो सारख्याच उत्साहाने धावतो. विंडोज ११ मध्ये अशा मागच्या बाकावरच्या कामांना मुद्दाम हळू चालवण्याची सोय आली आहे. टास्क मॅनेजरमध्ये एखाद्या प्रक्रियेवर ‘एफिशिअन्सी मोड’ लावता येतो. मूळ दुखण्यावरचा हा सर्वांत नेमका इलाज, पण सगळी सॉफ्टवेअरं तो पाळत नाहीत.

कुणी बूस्टला हात लावू नये? ज्यांचा पगार मशिनच्या वेगावर आहे त्यांनी. मोठे मॅक्रो चालवणारे, कोड कंपाइल करणारे, आर्किटेक्टच्या ऑफिसात त्रिमिती रेंडर काढणारे. त्यातही रेंडरसारख्या तासाभराच्या कामात उडीची मुभा पहिल्या अर्ध्या मिनिटात संपलेली असते आणि पुढे बैठी मर्यादाच राज्य करते, तेव्हा ३ गिगाहर्ट्झची टोपी तिथेही फारशी टोचत नाही. गेमिंग लॅपटॉपवर तर उलटाच अनुभव येतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तांब्याच्या नळ्या वापरतात. प्रोसेसरचा बूस्ट आवरला की ग्राफिक्सला श्वास मिळतो.

सेटिंगांत हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली, धूळ. तीन पावसाळे पाहिलेला लॅपटॉप उघडून पात्या साफ करून आणि चिपवरची वाळलेली पेस्ट बदलून घेतली नसेल, तर बूस्टची चर्चा व्यर्थ आहे. पंख्याच्या तोंडाशी साचलेला गालिचा एकदा डोळ्यांनी बघितला की पुन्हा सांगावं लागत नाही. दुसरी, ब्राउझर. मराठी बातम्यांच्या काही संकेतस्थळांवर एक साधी बातमी वाचताना तीन व्हिडिओ आपोआप सुरू होतात आणि जाहिरातींची रांग सरकत राहते. तिथे जाहिरात अडवणारं एक साधन बूस्टच्या सगळ्या सेटिंगांपेक्षा जास्त गारवा देतं. व्हिडिओच्या बाबतीत एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा. यूट्यूब आता अनेक व्हिडिओ एव्ही-१ या नव्या पद्धतीने पाठवतं आणि इंटेलच्या प्रोसेसरांत ते उलगडण्याची खास सोय आली २०२० च्या टायगर लेकपासून. त्याआधीच्या मशिनवर असा व्हिडिओ आला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तो भार बूस्ट कापून हलका होत नाही, व्हिडिओ अडखळायला तेवढा लागतो.

पैशाचं म्हणाल तर वीजबिलाच्या आशेने हा उद्योग करू नये. लगाम घातल्याने सरासरी १० वॉट वाचले आणि दिवसाला आठ तास काम झालं, तर २५ दिवसांत होतात २ युनिट. महावितरणचा दर युनिटला १० रुपये धरला तरी महिन्याला २० रुपये, एका वडापावाचे. खरा लाभ बॅटरीचा आहे. लिथियमच्या बॅटरीला ऊब सोसत नाही. दिवसभर चार्जरवर, पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि वर गरम डब्यात कोंडलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. ती आणि बूस्टची टोपी या दोन्हींनी मिळून बॅटरीचं आयुष्य खरोखर लांबतं. प्रोसेसर स्वतः मात्र उष्णतेने क्वचितच मरतो. शंभर अंशांच्या आसपास तो आपणहून वेग उतरवतो, तेव्हा ‘चिप जळेल’ ही भीती अनाठायी. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन् तास बसणाऱ्यांच्या कातडीवर जाळीदार तपकिरी डाग पडल्याची नोंद त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. त्यावर उपाय सॉफ्टवेअरचा नव्हे, पाटाचा किंवा टेबलाचा.

नव्या पिढीने हा प्रश्न थोडा सैल केला आहे. २०२४ मधल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांत बैठी मर्यादा १७ वॉट आणि उडी ३७ वॉट, म्हणजे १२३५यूच्या मानाने दोन्हींतलं अंतर पुष्कळ आटलं. पण स्वस्त लॅपटॉपांत जुन्याच आखणीचे प्रोसेसर नव्या नावाने येत राहतात. वाशीत किंवा लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाल तेव्हा स्टिकरवरच्या गिगाहर्ट्झकडे काणाडोळा करा. बैठी मर्यादा किती वॉट आहे आणि पंखे किती आहेत, हे दोन प्रश्न विचारा; विक्रेता चमकेल, पण मॉडेल क्रमांक घेऊन घरी गेल्यावर ही माहिती मिळते.

राहता राहिले ऑफिसने दिलेले लॅपटॉप, आणि बेलापुरात तेच बहुसंख्य. स्टेशनवरच्या आयटी पार्कपासून बँकांपर्यंत इथली हजारो मशिनं कुलूपबंद असतात. पॉवर ऑप्शन्स उघडतात पण काही बदलता येत नाही. तरी विंडोज ११ चा पॉवर मोड अनेक ठिकाणी मोकळा सोडलेला असतो, तो आधी बघावा. तोही बंद असेल तर आयटी विभागाकडे रीतसर मागणी करावी. बॅटरीवर असताना कल बचतीकडे आणि चार्जरवर ३ गिगाहर्ट्झची टोपी, हे सेटिंग केंद्रातून एका धोरणाने सगळ्या मशिनांवर पाठवता येतं. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत सर्व्हरच्या वॉटवॉटचा हिशेब रोज मांडला जातो. त्याच कंपन्यांच्या ऑफिसातल्या लॅपटॉपांना मात्र खोक्यातून निघाले त्याच सेटिंगवर पाच वर्षं काढावी लागतात.